जपानचे जर्मन फुटबॉलगुरू

१९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांचे यजमानपद टोकियोकडे आले, तेव्हा जपानचा फुटबॉल संघ अगदीच दुबळा होता. म्हणून १९६० साली जर्मनीहून डेटमार क्रामर यांना पाचारण करण्यात आले. डॉर्टमुंड येथे १९२५ साली जन्मलेले हे ठेंगणे गृहस्थ काही गहन डावपेच शिकवतील, अशी वाचकांची कल्पना होईल. पण त्यांनी आरंभ केला तो चेंडू पायाशी थांबविण्यापासून व पायाच्या आतील बाजूने तो नेमका साथीदाराकडे देण्यापासून! राष्ट्रीय संघातील खेळाडूंना हे धडे देणे म्हणजे पदवीधरास बाराखडी गिरवावयास लावणेच की! त्या खेळाडूंनी ती गिरविली, याचेच आम्हांस अधिक कौतुक वाटते.

टोकियोत जपानने अर्जेंटिनास ३-२ असे नमविले. क्रामर यांच्याच आग्रहाने १९६५ पासून तेथे राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. १९६८ साली मेक्सिकोत जपानला कांस्यपदक लाभले, तेव्हा संघाचे प्रशिक्षक जपानीच होते. क्रामर यांच्या तालमीत तयार झालेले.

पुढे बायर्न म्युनिक संघास त्यांनी १९७५ व १९७६ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक मिळवून दिला. २०१५ साली ते निवर्तले.