बांगड्याचं कालवण आतड्यात पोचतं तेव्हा

शिरवणे गावठाणातलं आगरी जेवण म्हणजे तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण. श्रेय सगळं पोटाला मिळतं, पण खरं काम करतं लहान आतडं, साधारण ६ मीटर लांबीचं!

जठरातून आंबट लगदा थोडा थोडा लहान आतड्याच्या पहिल्या भागात, आद्यांत्रात उतरतो. तिथे स्वादुपिंडाचा रस आधी आम्ल मारतो. मग भाकरीतल्या पिष्टाची साखर होते, माशातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं. तेलाला मात्र पित्त लागतं. ते त्याचे बारीक थेंब करतं, तेव्हा कुठे पाचकरसाला ते फोडता येतं.

शोषणाची करामत आतल्या अस्तराची. त्यावर मखमलीसारखे लाखो सूक्ष्म उंचवटे असतात, व्हिली. त्यांच्या पेशींवर आणखी बारीक केसर! साखर आणि अमिनो आम्लं रक्तातून थेट यकृताकडे जातात. बहुतेक चरबी लसिकावाहिन्यांच्या आडवाटेने रक्तात येते.

माझा आवडता भाग शेवटचा, शेषांत्र. बांगड्यातलं बी१२ शोषलं जातं ते इथेच. वापरलेले पित्तक्षारही इथूनच परत यकृताकडे. आणि एवढं राबणारं हे अस्तर दर ३ ते ५ दिवसांनी नवं होतं, बरं का.