रक्ताचा एक थेंब आणि मुलामा दिलेली काचपट्टी

कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत जी काचपट्टी वापरली जाते, तिची लांबी सुमारे ७५ मिलिमीटर, रुंदी २५ मिलिमीटर आणि जाडी एक मिलिमीटर असते. एवढ्याच आकाराच्या पट्टीवर आज हजारो प्रथिने ओळीने मांडता येतात. रुग्णाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे त्यांपैकी कोणाकोणाला ओळखतात, हे मग एकाच वेळी पाहता येते. या पट्टीस प्रथिनांचा मायक्रोअ‍ॅरे म्हणतात. तिच्याविषयी बोलताना लेझरची आणि संगणकाची चर्चा होते; काचेवरील डोळ्यांना न दिसणारा लेप मात्र उपेक्षित राहतो. वास्तविक सारे यशापयश त्या लेपावरच तोललेले असते.

प्रतिपिंड हा शब्द करोनाच्या काळात खेड्यापाड्यांतही पोहोचला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० साली ‘कोविड कवच’ ही एलायझा चाचणी विकसित केली. तीत सुमारे अडीच तासांत ९० नमुने एकदम तपासता येत. प्लॅस्टिकच्या ताटलीतील लहान खळग्यांच्या तळाशी विषाणूचा प्रतिजन चिकटवलेला असतो; रक्तद्रवात त्याविरुद्धचे प्रतिपिंड असेल तर ते तेथे अडकते आणि रंग उमटतो. शत्रू कोण हे ठाऊक असेल, तेव्हा ही रीत उत्तम. परंतु कर्करोगासारख्या व्याधीत शरीर स्वतःच्याच कोणत्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करीत आहे, हे आधी ठाऊक नसते. अशा वेळी एका थेंबाला एक नव्हे, हजारो प्रश्न एकदम विचारावे लागतात. काचपट्टीची गरज येथे निर्माण होते. काच सपाट असते, स्वस्त असते आणि लेझरच्या प्रकाशात स्वतः फारशी चमकत नाही.

अडचण एवढीच, की नुसत्या काचेवर प्रथिन भरवशाने टिकत नाही. धुताना वाहून जाते. म्हणून लेप हवा. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर आधी भांडे घासून-पुसून लख्ख करतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. भांडे मळके राहिले तर कल्हई धरत नाही. काचेचेही तसेच आहे. तीव्र आम्ल किंवा अल्कली वापरून ती स्वच्छ केली, की तिच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात. सिलेन वर्गातील रेणू एका टोकाने या गटांना घट्ट धरतात आणि दुसरे टोक प्रथिनासाठी मोकळे ठेवतात. त्या मोकळ्या टोकाशी अमाइन गट असेल तर प्रथिन विद्युतभाराच्या आकर्षणाने चिकटते. अल्डिहाइड किंवा इपॉक्सी गट असेल तर खराखुरा रासायनिक बंध जुळतो. नायट्रोसेल्युलोजचा सच्छिद्र थर अधिक प्रथिन सामावून घेतो, पण त्याची स्वतःचीच चमक मोजमापात अडथळा आणते. सर्वांत चांगला लेप कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

कारण प्रथिन हा डीएनएसारखा काटक रेणू नव्हे. डीएनए वाळवून ठेवला तरी त्यातील अक्षरांचा क्रम बिघडत नाही. प्रथिनाचे कार्य मात्र त्याच्या घडीवर अवलंबून असते. पृष्ठभागाने ओढाताण केली तर घडी उलगडते आणि उरतो तो केवळ सांगाडा. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो व पकडण्याचे काम त्याचे दोन हात करतात. ते हातच काचेला चिकटून बसले, तर पट्टीवर प्रतिपिंड असूनही उपयोग शून्य.

अमेरिकेतील मॅकबीथ आणि श्रायबर यांनी २००० साली अल्डिहाइडचा लेप दिलेली पट्टी वापरून एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एका पट्टीवर त्यांनी १०,८०० ठिपके छापले. त्यांपैकी १०,७९९ ठिपके एकाच प्रथिनाचे होते आणि एकच ठिपका निराळ्या प्रथिनाचा. तो एकुलता ठिपका त्यांना अचूक सापडला. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातील संशोधकांनी यीस्टची सुमारे ५,८०० प्रथिने निकेलचा लेप असलेल्या पट्टीवर मांडली. प्रथिनाच्या एका टोकाला जोडलेली हिस्टिडिनची शेपटी निकेलला धरते व उरलेला भाग मोकळा राहतो.

हे ठिपके छापणारे यंत्र तिफणीसारखे चालते: बारीक सुया प्रथिनाच्या द्रावणात बुडतात आणि ठरावीक अंतरावर सूक्ष्म थेंब पेरीत जातात. एवढा लहान थेंब क्षणात वाळतो. म्हणून वर उल्लेखिलेल्या प्रयोगात द्रावणात ४० टक्के ग्लिसरॉल मिसळले होते आणि छपाईच्या खोलीत दमटपणा राखावा लागतो. मराठवाड्याचा मे महिना आठवला की हे सहज उमगेल. उलट, न वापरलेल्या पट्ट्या दमट हवेत ठेवल्या तर लेपच निकामी होतो. छपाईनंतर मोकळी राहिलेली जागाही तशीच सोडता येत नाही. पडीक जमिनीत तण माजते, तशी तेथे नको ती प्रतिपिंडे चिकटतात. म्हणून ती जागा अल्ब्युमिनसारख्या निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकतात. या एका पायरीत हयगय झाली तर सारी पट्टी उजळते आणि निरोगी माणूस रोगी ठरू शकतो.

महाराष्ट्रात पवईच्या आयआयटीतील संजीव श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने या तंत्रावर उल्लेखनीय काम केले आहे. ग्लायोमा या मेंदूच्या गाठीच्या रुग्णांचा रक्तद्रव त्यांनी सुमारे १७,००० मानवी प्रथिने असलेल्या पट्ट्यांवर तपासला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूतील गाठीचा तुकडा काढण्यासाठी कवटी उघडावी लागते. तिची चाहूल रक्तातून लागली तर रुग्णाला किती दिलासा मिळेल, हे सांगावयास नको. मात्र अशा संशोधनातून हाती येते ती संशयितांची यादी. त्यातील प्रत्येक प्रथिन अधिक रुग्णांवर, निराळ्या पद्धतीने पुन्हा पडताळल्याशिवाय रुग्णालयातील चाचणी जन्मास येत नाही.

लातूर-नांदेडचे विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशासाठी अहोरात्र झटतात, याचे कौतुकच आहे. परंतु डॉक्टर ज्या अहवालावर विसंबून औषध लिहून देतो, तो अहवाल घडविणाऱ्या रसायनशास्त्राकडे वळणारे थोडे, ही उणीव आहे. त्याची तोंडओळख साध्या शाळेतही होऊ शकते. दोन काचपट्ट्या घ्याव्यात. एक साबणाने व भरपूर पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवावी, दुसरीवर तेलाचे बोट पुसटसे फिरवावे. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडून बाजूने पाहावे. स्वच्छ काचेवरील थेंब पसरतो. तेलकट काचेवरील थेंब फुगीर राहतो. थेंबाची कड काचेशी जो कोन करते, तोच मोठ्या प्रयोगशाळांमध्येही कॅमेऱ्याने मोजतात आणि लेप नीट बसला की नाही हे ठरवतात.