पॉलिकोंबला पत्ता कोण सांगतं?

नर फळमाशीच्या पुढच्या दोन पायांवर काळ्या, राठ काट्यांची फणी असते. दहाबारा दातांची, मीलनाच्या वेळी मादीला धरायला उपयोगी. मधल्या आणि मागच्या पायांवर ती नसते. 1947 साली पॅमेला लुईस यांनी जो नवा उत्परिवर्तित वाण नोंदवला, त्यातल्या नरांना मात्र मागच्या पायांवरही फण्या फुटल्या होत्या. म्हणून नाव पडलं पॉलिकोंब. ही नोंद छापून आली ती कुठल्या भारदस्त नियतकालिकात नव्हे, तर माशीवाल्यांनी आपापसांत चालवलेल्या ‘ड्रोसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस’ या पत्रिकेत. पुढे त्यांचे यजमान एड लुईस यांना 1995 चं नोबेल मिळालं आणि पाठ्यपुस्तकांतल्या पॉलिकोंबच्या गोष्टीतून पॅमेलाबाई हळूच गळाल्या. जाता जाता हे सांगून ठेवलेलं बरं.

एड लुईस यांचा 1978 चा निबंध इतक्यांदा सांगून झालाय की त्यावर रेंगाळायला नको. पॉलिकोंब पुरता बिघडला तर गर्भाचे खंड एकजात पोटाच्या आठव्या खंडासारखे व्हायला लागतात, कारण शरीराचा आराखडा ठरवणारी जनुकं नको तिथे तोंड उघडतात. पंखाच्या पेशीत अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक गप्प हवं. तेच मागच्या खंडात बोलतं म्हणून तिथे पंखाऐवजी तोल सांभाळणारी इवलीशी गाठ, म्हणजे हॉल्टेअर, तयार होते. या हॉल्टेअरचा पिच्छा एल. एस. शशिधर यांनी आधी हैदराबादला आणि मग पुण्याच्या आयसरमध्ये पुरवला, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हरकत नाही.

पेच होता तो वेगळाच. पॉलिकोंब गटातली, म्हणजे त्याच्या जोडीने जनुकं गप्प ठेवणारी, बहुतेक प्रथिनं डीएनएची अक्षरं वाचत नाहीत. मग माशीच्या सुमारे चौदा हजार जनुकांतून नेमकी आपली गिऱ्हाइकं ती हुडकतात कशी? 1989 साली झिंक आणि पारो यांनी अळीच्या लाळग्रंथीतली जाडजूड गुणसूत्रं प्रतिपिंडांनी रंगवली, तेव्हा पॉलिकोंब सुमारे 60 ठरावीक पट्ट्यांवर बसलेलं दिसलं. म्हणजे पत्ता होता, आणि तो पक्का होता.

तो डीएनएच्या काही शे अक्षरांच्या तुकड्यांत आहे, हे नव्वदीच्या सुरुवातीला ठरलं. म्युलर आणि बिएन्झ, सायमन, जिनिव्हाचे पिरोट्टा अशी नावं घेता येतील. तुकडा उचलून गुणसूत्रावर भलत्याच जागी बसवला की पॉलिकोंब तिथेही हजर! या तुकड्यांना पॉलिकोंब रिस्पॉन्स एलिमेंट म्हणतात. माशीवाल्यांच्या तोंडी नुसतं पीआरई.

प्रस्तुत लेखकाचा जीव अडकलाय तो मात्र डोळ्यांच्या प्रयोगात, आणि त्याबद्दल दोन शब्द जास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पांढऱ्या डोळ्यांची माशी घ्यायची. डोळ्याला रंग देणाऱ्या ‘व्हाइट’ जनुकाची आटोपशीर आवृत्ती तिच्या जीनोममध्ये बसवायची. एक प्रत असली की डोळा पिवळा किंवा नारिंगी, दोन असल्या की गडद, असा सरळ हिशेब. 1991 साली ज्युडिथ कासिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जनुकाला ‘एन्ग्रेल्ड’ या दुसऱ्या जनुकाशेजारचा डीएनएचा तुकडा जोडला, आणि हिशेब उलटा झाला. दोन प्रती असलेल्या माशीचा डोळा एक प्रत असलेलीपेक्षा फिका! कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर बेशुद्ध पडलेल्या माश्या मऊ ब्रशने एकेक करून बाजूला सारायच्या, फिक्या इकडे, गडद तिकडे, आणि मध्येच एखादा ठिपकेदार डोळा वर बघत असायचा. यंत्र नाही, संगणक नाही. माशीत जोडीची गुणसूत्रं शरीरपेशींतही एकमेकांना बिलगून असतात, त्यामुळे समोरासमोर आलेले दोन तुकडे एकमेकांना बळ देतात आणि जनुकाचा आवाज अधिकच दाबतात. त्या काळी या निष्कर्षाकडे माशीवाल्यांची चमत्कृती म्हणून पाहणारे बरेच होते. आज तेच लोक गुणसूत्रांच्या त्रिमितीय गाठीभेटींवर व्याख्यानं देतात.

कासिस यांच्याच गटाने 1998 साली या तुकड्यांवर बसणारं एक प्रथिन पकडलं. प्लायोहोमिओटिक, लाडाने ‘फो’. याचं जनुक टीचभर चौथ्या गुणसूत्रावर, आणि गटातल्या इतरांना न येणारी विद्या याला येते: जीसीसीएटी ही अक्षरं ते वाचतं. पत्ता लागला म्हणून आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. जीसीसीएटी जीनोमभर हजारो जागी आहे, तिथे सगळीकडे पॉलिकोंब नाही. उलट, फो आणि त्याचा जुळा भाऊ दोघेही काढून टाकले तरी लाळग्रंथीच्या गुणसूत्रांवरच्या बऱ्याच पट्ट्या जागच्या जागी राहतात.

जुन्या पुण्याच्या पेठेत घरनंबराने वाडा सापडत नाही. मारुती, हौद आणि पिठाची गिरणी अशी तिन्ही एका बोळात भेटली तरच सापडतो. पीआरई तसंच चालतं. फो, गागा फॅक्टर, पिप्सक्वीक, झेस्ट, स्प्स, कोंबगॅप या प्रथिनांच्या बसण्याच्या जागा एका तुकड्यात दाटीवाटीने असाव्या लागतात. राकेश मिश्रा यांनी जिनिव्हात फ्रान्स्वा कार्श यांच्याबरोबर आयएबी-7 या पीआरईवर काम केलं, पुढे ते हैदराबादच्या सीसीएमबीत आले. त्यांच्या 2001 च्या निबंधाने दाखवलं की तिथे गागा आणि फो दोन्ही लागतात, एकट्याने भागत नाही. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट पुढच्या भांडणाला उपयोगी आहे: डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांच्या गुंडाळ्यांपासून हा तुकडा मोकळा असतो.

2003 साली पारोंच्या गटाने अशा जोड्या शोधणारा संगणकी आडाखा बांधला आणि 167 संभाव्य पीआरई जाहीर केले. तीन वर्षांनी पॉलिकोंब कुठे कुठे बसतं याचं प्रत्यक्ष मोजमाप आलं, तेव्हा दोन याद्या फारशा जुळल्या नाहीत. पत्त्याचं व्याकरण अजूनही कुणाला पुरतं आलेलं नाही.

दरम्यान एक मोठी लाट येऊन गेली. 2002 साली चार प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी सांगितलं की पॉलिकोंब गटातलं ई-झेड हे प्रथिन हिस्टोन एच3 च्या सत्ताविसाव्या लायसिनवर मिथाइलची खूण करतं. ती खूण पॉलिकोंबला ओळखता येते. झालं! दोन वर्षांत साखळी रचली गेली: फो ई-झेडला आणतं, ई-झेड खूण करतं, खूण पॉलिकोंबला बोलावते. आकृती इतकी देखणी की चर्चासत्रांत डीएनएचा उल्लेख करणारा मागासलेला ठरू लागला. ‘खूणच स्मृती आहे, अक्षरांना विचारतो कोण’ असं छातीठोकपणे सांगणारे पंडित प्रस्तुत लेखकाने बरेच ऐकले. नावं घेत नाही. त्यातले काही आता समित्यांवर आहेत.

पण खूण हजारो अक्षरांवर पसरलेली असते आणि पॉलिकोंबचा मुख्य संच पीआरईवर टोकदार ठाण मांडून बसतो. जिथे गुंडाळीच नाही, तिथली खूण तो वाचतो कशी? 2016 मध्ये दिसलं की खूण करणारा ई-झेडचा संच काढून घेतला तरी बऱ्याच पीआरईंवर पॉलिकोंबचा मुख्य संच येऊन बसतोच. मग 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये मार्टिन्सरीडच्या म्युलर यांचा आणि न्यूयॉर्कच्या गॅरी स्ट्रूल यांचा असे दोन निबंध आले. वाढत्या माशीच्या ऊतीत पीआरई ऐनवेळी कापून काढला. जुन्या खुणा लगेच गेल्या नाहीत. दर पेशीविभाजनाला त्या विरळ होत गेल्या, आणि काही पिढ्यांत गप्प जनुक बोलू लागलं. खूण लेकीपर्यंत पोचते खरी, पण अक्षरांचा खुंटा नसेल तर टिकत नाही.

खुणेवाल्यांच्या बाजूने सांगायचं तर, 2013 साली म्युलर यांच्याच गटाने माशीची हिस्टोनची सुमारे शंभर प्रतींची जनुकं हटवून बदललेल्या हिस्टोनच्या प्रती घातल्या. सत्ताविसावं लायसिन नाहीसं झालेल्या त्या पेशी अगदी पॉलिकोंब बिघडल्यागत वागल्या. खूण शोभेची नाही, एवढं मान्य. अक्षरवाल्यांना खरा घरचा आहेर मिळाला तो खुद्द कासिस यांच्याकडून. 2016 साली त्यांनी एन्ग्रेल्डच्या मूळ जागेवरचे ठळक पीआरई छाटले, आणि माश्या जगल्या, खुणेचा पट्टाही तयार झाला. आजूबाजूच्या दुबळ्या जागा मिळून काम भागवत असाव्यात. ज्यांच्या तुकड्याने ही वाट दाखवली त्यांनीच तिला फाटा फोडला.

आता फ्लाय रूममध्ये मका-यीस्टचा वास तेवढा जुना राहिलाय. नवी मुलं पडद्यावरच्या आलेखातल्या शिखरांवरून पीआरई सांगतात, आणि त्या शिखराखालच्या तुकड्याने कुणाचा डोळा फिका झाला का, असं विचारलं तर गोंधळतात. शिखर दिसलं म्हणजे तिथे प्रथिन होतं. ते जनुक दाबतंय की नाही, हे शिखर सांगत नाही. 2017 मध्येच काही पीआरई वेळप्रसंगी जनुक जागं करणारे निघाले, तेही माशीच्या गर्भात तपासल्यावर.

उंदीरवाल्यांचा जुना टोमणा असा की पीआरई हा माशीचा तऱ्हेवाईकपणा. सस्तन प्राण्यांत सीजी अक्षरांची दाटी असलेली बेटं पुरतात. तिथे फोचा भाऊबंद वायवाय1 पॉलिकोंबच्या बहुतेक जागांवर दिसत नाही, हे खरंच आहे. पण 2003 साली माणसाचा हाच वायवाय1 फो नसलेल्या माशीत घातला, तर त्याने तिथे फोचं काम केलं.