आरशासारखा डाव

घरी आपण ज्याला शतरंज म्हणतो, त्याला मराठीत बुद्धिबळ म्हणतात. राजा, वजीर, प्यादे ही नावे तुमच्या ओळखीचीच आहेत. तेव्हा पट मांडा आणि वाचता वाचता चाली करून पाहा.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बातुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला आपल्या विदर्भातील नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, तर दुसऱ्या बाजूला आंध्र प्रदेशची अनुभवी कोनेरू हम्पी. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. म्हणून २८ जुलैला कमी वेळाचे जलद डाव खेळवण्यात आले. त्यांतील पहिल्या डावात दिव्याकडे पांढरी मोहरी होती. हम्पीने पेट्रोव्ह बचाव निवडला.

या बचावात काळा खेळाडू सुरुवातीला पांढऱ्याची हुबेहूब नक्कल करतो. दोघेही राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकतात. (देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, स्पर्धेत दोन घरे चालतात.) मग दोघेही राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतात. पट आरशात पाहावा तसा दिसतो.

आता पांढरा घोडा काळे प्यादे मारतो. काळ्यानेही लगेच पांढरे प्यादे मारले तर? पांढरा आपला वजीर राजासमोर आणून काळ्या घोड्यावर रोखतो. घाबरून काळा घोडा मागे फिरला, की पांढरा घोडा बाजूला उडी मारतो. त्याच्यामागच्या वजिराचा थेट काळ्या राजाला शह बसतो आणि घोडा काळ्या वजिरावर चालून जातो! राजाला वाचवावे लागते. वजीर हातचा जातो.

म्हणून जाणता खेळाडू तिसऱ्या चालीला नक्कल सोडतो. वजिरासमोरचे प्यादे एक घर सरकवून तो आधी पांढऱ्या घोड्याला हुसकावतो, मगच प्यादे मारतो. तरीही सावध राहावे लागते. १९८८ साली कोलंबियाच्या झापाता यांनी याच बचावातील एका चुकीचा फायदा घेऊन विश्वनाथन आनंद यांना अवघ्या ६ चालींत हरवले होते.

चूक झाली नाही, तर दोघांचे एकेक प्यादे गेलेले असते. मधली उभी रांग मोकळी होते. तिथे हत्ती, वजीर यांची अदलाबदल होते आणि कोणाचेच पारडे जड राहत नाही. काळ्याला पहिली चाल मिळत नाही. त्यामुळे अर्धा गुणही त्याला मोलाचा वाटतो.

हम्पीला तो अर्धा गुण मिळाला. डाव बरोबरीत सुटला. पुढच्या डावात काळी मोहरी दिव्याकडे आली. तो डाव जिंकून ती विश्वचषकाची मानकरी झाली आणि ग्रँडमास्टरही.