पत्र्याच्या पोटात लोकर

अमेरिकेतली पिवळी स्कूल बस साधारण बारा ते पंधरा वर्षं मुलांची ने-आण करते आणि मग लिलावात निघते. सांगाडा ठणठणीत, इंजिन अजून चालतं. अशी बस घेऊन, बाकं उचकटून तिच्यात संसार थाटणारे तिकडे बरेच आहेत. त्या फिरत्या घराला ते ‘स्कूली’ म्हणतात. तयार पोलाद पुन्हा कामाला लागतं, हीच पर्यावरणाच्या दृष्टीनं मोठी कमाई. पण मला खरं नवल वाटतं ते भिंतीत काय भरतात याचं.

थंडीत या घराला सगळ्यात जास्त छळतं ते पाणी, आणि ते आतच तयार होतं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून जवळपास पाव लिटर पाणी हवेत सोडतो. शेगडीत एक किलो प्रोपेन गॅस जाळला, तर दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं! गॅसमधला हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून जाळलं त्याहून वजनदार पाणी हाती येतं. ही वाफ गार पत्र्याला टेकली की थेंब, थेंबांमागून गंज आणि बुरशी.

बरेच जण पत्र्यावर पॉलियुरेथेनचा फेस फवारतात. तेवढ्याच जाडीत तो लोकरीपेक्षा जास्त ऊब राखतो, वाफही अडवतो, हे मान्य करायला हवं. पण त्याचा कच्चा माल खनिज तेलातून येतो, फवारताना उडणारी आयसोसायनेट नावाची रसायनं फुफ्फुसांना घातक असतात, आणि एकदा चिकटलेला फेस पत्र्यावरून निघता निघत नाही.

आता भिंतीत भरायच्या दुसऱ्या पर्यायाचा, मेंढीच्या लोकरीचा एकच तंतू बघा. बाहेरून कौलांसारखे एकावर एक खवले, त्यांवर स्निग्ध थर, त्यामुळे पाण्याचा थेंब ओघळून जातो. आतला केराटिन या प्रथिनाचा गाभा मात्र वाफेचा भुकेला. स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही लोकर हाताला कोरडी लागते. त्याहून अद्भुत म्हणजे, वाफ केराटिनला बिलगताना उष्णता सुटते. दमट होता होता लोकर चक्क ऊब देते! हवा कोरडी झाली की ओलावा परत सोडते. प्लायवुडच्या गोंदातून झिरपणारा फॉर्मल्डिहाइडही केराटिन रासायनिक बंधानं धरून ठेवतं. शिवाय लोकर सहजासहजी पेट घेत नाही. कसर लागू नये म्हणून तिला बहुधा बोरॉनचे क्षार लावतात, आणि बसमध्ये हवा खेळती ठेवावीच लागते. कारण लोकरीलाही मर्यादा आहे.

ब्रिटनमध्ये कपड्यांना न चालणारी डोंगरी मेंढ्यांची राठ लोकर अशा कामासाठी वापरतात. आपली दख्खनी मेंढीही राठ लोकरीचीच. तिची घोंगडी पांघरून धनगर पावसात कळपामागे हिंडत आले, पण आज त्या लोकरीला भाव नाही. अंगाला टोचणारा तंतू भिंतीत कुणाला टोचणार? आपल्याकडे कुणी बसचं घर करायला घेतलं, तर पहिली चौकशी धनगरवाड्यावर व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

लोकर बसच्या दोन पोलादी फासळ्यांमधल्या पोकळीत मावते, फासळ्या मात्र उघड्याच राहतात. पोलादातून उष्णता लोकरीच्या हजारपटीहून जास्त सहज वाहते, त्यामुळे त्या फासळ्यांवाटे ऊब बाहेर पळते. त्यांच्यावर बुचाचे, म्हणजे कॉर्कचे तक्ते बसवतात. पोर्तुगालमधल्या ओक वृक्षाची ही साल. झाड सुमारे पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा सोलतात, पुढे दर नऊ वर्षांनी, आणि झाड जगतं. कुठल्या वर्षी सोललं, त्याचा शेवटचा आकडा खोडावर रंगवतात. रॉबर्ट हूकनं 1665 साली पेशींचं चित्र छापलं, ते या सालीचंच. एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे चार कोटी पेशी, प्रत्येकीत कोंडलेली हवा. सालीचे दाणे वाफेनं तापवले की फुगतात आणि स्वतःतल्याच सुबेरिन या मेणचट पदार्थानं एकमेकांना चिकटतात. वेगळा गोंद लागत नाही.

जमिनीला खरं लिनोलियम घ्यावं, त्याच्यासारखं दिसणारं व्हिनाइल नको. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजानं 1860च्या दशकात ते शोधलं. आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात कॉर्कचा भुसा मिसळून तो लगदा तागाच्या कापडावर लाटतात.