अल्पजादूचे मानवकेंद्री कथाविश्व : टेबलटॉप भूमिका-खेळांतील रचनाविचार

सारांश : टेबलटॉप भूमिका-खेळांसाठी कल्पित विश्व रचताना जादूचे प्रमाण किती ठेवावे, हा प्रश्न बहुधा अभिरुचीचा मानला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे समाजरचनेचा प्रश्न म्हणून पाहिले आहे. खेळातील प्रत्येक सुलभ जादू एखाद्या मानवी संस्थेची जागा घेत असते. म्हणून जादू केवळ वजा केल्याने विश्व मानवकेंद्री होत नाही. रिकाम्या झालेल्या जागी अन्न, अंतर, नाते, न्याय आणि मृत्यू यांची विचारपूर्वक मांडणी करावी लागते. 'हार्न' व 'पेंड्रॅगन' या दोन प्रसिद्ध कृतींच्या आणि एका काल्पनिक नमुन्याच्या आधारे ही प्रक्रिया येथे स्पष्ट केली आहे.

बीजशब्द : भूमिका-खेळ, कथाविश्व, अल्पजादू, सामाजिक संस्था, नैतिक निवड.

प्रस्तावना

टेबलटॉप भूमिका-खेळ म्हणजे काही व्यक्तींनी एकत्र बसून संवादाच्या आधारे कथा घडवीत जाण्याचा खेळ होय. बहुतेक खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. एक खेळाडू 'गेम मास्टर' असतो. त्या विश्वाचे वर्णन करणे, उर्वरित सर्व पात्रांच्या वतीने बोलणे आणि नियमांचा निवाडा करणे ही कामे त्याच्याकडे असतात. कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. तेच विश्व व तीच पात्रे घेऊन महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालणाऱ्या खेळमालिकेस 'कॅम्पेन' म्हणतात. नाटकाशी या खेळाचे नाते उघड आहे. मात्र येथे संहिता आधी लिहिलेली नसते आणि प्रेक्षक हेच नट असतात.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. या प्रकारातील तो पहिला प्रकाशित खेळ मानला जातो. लहान प्रतिकृतींच्या साह्याने खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून तो विकसित झाला. त्यामुळे रणांगणावर तोफेचे जे काम, ते या खेळात मंत्राचे झाले : जादू हे प्रामुख्याने एक साधन ठरले. मंत्रांच्या याद्या वाढत गेल्या आणि बहुसंख्य अद्भुतरम्य कथाविश्वांत जादू ही नित्याची सोय झाली. या प्रवाहाला पर्याय म्हणून अल्पजादूचे, माणसाला केंद्रस्थानी ठेवणारे विश्व रचण्याचा विचार पुढे आला. त्या विचारामागील तर्क पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. जादू आणि सामाजिक संस्था

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीतील 'क्लेरिक' हे पात्र उदाहरणादाखल घेता येईल. हे पात्र देवतेच्या कृपेने मंत्र वापरते. पाचव्या पातळीवर पोहोचलेला क्लेरिक एका मंत्राने पंधरा माणसांना एक दिवस पुरेल इतके अन्न व पाणी निर्माण करू शकतो. दुसऱ्या मंत्राने तो रोग दूर करतो, तिसऱ्याने प्रेताला प्रश्न विचारतो आणि चौथ्याने अशी जागा निर्माण करतो की, तिच्या प्रभावाखाली आलेल्या माणसाला तेथे जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. नवव्या पातळीवर, मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ लोटला नसेल तर, पाचशे सुवर्णमुद्रा किमतीचा हिरा खर्च करून तो मृतास जिवंतही करू शकतो.

खेळाच्या दृष्टीने ही सारी साहसी पात्रांची आयुधे आहेत. समाजाच्या दृष्टीने मात्र त्यांचा अर्थ वेगळा होतो. मध्ययुगीन युरोपात गव्हाचे पेरलेल्या एका दाण्यास साधारणपणे तीन ते चार दाणे मिळत. म्हणजे पिकाचा चौथा ते तिसरा हिस्सा पुढील पेरणीसाठीच राखावा लागे. धान्याचे कोठार, सारा, बाजार, गावकीची शिस्त, दुष्काळातील कर्ज या सर्व गोष्टींचे मूळ या तुटपुंज्या प्रमाणात आहे. अन्न देणारा मंत्र सहज उपलब्ध असेल, तर या संस्थांचा पायाच डळमळतो. असत्य अशक्य करणारा मंत्र असेल, तर साक्षीपुरावा, शपथ आणि वकिली यांचे प्रयोजन उरत नाही. मृत्यू परतवता येत असेल, तर वारसा, वैधव्य आणि शोक यांचे स्वरूप पालटते; किंबहुना, पाचशे मुद्रा ज्याच्यापाशी आहेत त्याचा मृत्यू आणि ज्याच्यापाशी नाहीत त्याचा मृत्यू या दोन भिन्न घटना होतात.

येथे एक आक्षेप संभवतो : जादू विपुल असूनही विश्व सुसंगत असू शकणार नाही काय? असू शकते. कीथ बेकर यांच्या कल्पनेतून साकारलेले, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले 'एबेरॉन' हे विश्व त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे जादू हा उद्योगच आहे. आगगाडी, दिवे, संदेशवहन सारे तिच्यावर चालते आणि त्या उद्योगावर मक्तेदारी असलेली घराणी राजकारण करतात. तेव्हा दोष विपुलतेत नाही. परिणामांचा विचार न करण्यात आहे. मंत्र सर्वत्र आहेत, पण गावे मात्र मंत्र नसल्यासारखी नांगर धरून आहेत, असे विश्व रंगभूमीवरील पडद्याप्रमाणे भासते. रचनाकारापुढे दोन प्रामाणिक मार्ग असतात : जादूचे परिणाम शेवटपर्यंत नेणे, अथवा जादूच दुर्मीळ करून माणसांच्या संस्थांना पूर्ण भार वाहू देणे. अल्पजादूचे विश्व दुसऱ्या मार्गाचे आहे.

२. दोन उदाहरणे

अ) हार्न : कॅनडातील एन. रॉबिन क्रॉसबी यांनी रचलेले 'हार्न' हे विश्व १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. हार्न हे एक बेट असून त्यावर काही छोटी राज्ये आहेत. एल्फ व ड्वॉर्फ या परंपरेने चालत आलेल्या जमाती येथेही आढळतात. परंतु त्यांचे प्रत्येकी एकच राज्य आहे आणि उरलेला कथाव्यवहार प्रामुख्याने माणसांचा आहे. या विश्वाचे वेगळेपण त्याच्या तपशिलात आहे. किल्ला केवळ रहस्य दडविण्याची जागा नसतो. त्याला पोसणारी गावे, त्यांतील कुळे, जमिनीचे क्षेत्र आणि देणे यांचाही विचार केलेला असतो. १९८६ च्या 'हार्नमास्टर' या नियमपुस्तकात प्रत्येक जखमेची स्वतंत्र नोंद होते. जखम चिघळू शकते आणि ती भरून येण्यास दिवस लागतात. त्यामुळे तलवार उपसण्यापूर्वी खेळाडू विचार करतो, आणि वाटाघाट, माघार किंवा खंडणी हे पर्याय भ्याडपणाचे न राहता शहाणपणाचे ठरतात.

हार्नच्या प्रकाशकांनी पाळलेला एक संकेतही उल्लेखनीय आहे. या विश्वाचे वर्णन त्याच्या स्वतःच्या कालगणनेतील ७२० या वर्षाशी थांबते. पुढील इतिहास प्रकाशक लिहीत नाहीत. भूतकाळ सर्वांना समान आणि भविष्यकाळ प्रत्येक मंडळाचा स्वतःचा, अशी ही विभागणी होय. पात्रांच्या निर्णयांना अर्थ यावयाचा असेल, तर विश्वाचे भवितव्य आधीच ठरलेले असता कामा नये, हे तत्त्व तीमधून स्पष्ट होते.

आ) पेंड्रॅगन : ग्रेग स्टॅफर्ड यांचा 'पेंड्रॅगन' हा खेळ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. राजा आर्थरच्या कथाचक्रावर, विशेषतः टॉमस मॅलरीच्या १४८५ मध्ये मुद्रित झालेल्या ग्रंथावर तो आधारलेला आहे. या कथांत अद्भुताची वाण नाही. तरीही मूळ खेळात खेळाडूंच्या वाट्याला जादूगार येत नाही. ते सरदार असतात. जादू जगात आहे, परंतु पात्रांच्या हातात नाही. अल्पजादूचा हा महत्त्वाचा प्रकार होय : अद्भुत हे वापरण्याचे साधन न राहता सामोरे जाण्याचा अनुभव होते.

या खेळात स्वभावगुणांच्या तेरा परस्परविरोधी जोड्या आहेत. दया-क्रौर्य, औदार्य-स्वार्थ, सत्य-कपट, शौर्य-भीती अशा प्रत्येक जोडीची बेरीज वीस असते. एक वाढला की दुसरा घटतो. कसोटीच्या प्रसंगी वीस बाजूंच्या फाशाने पात्राचा कल ठरतो. आपण स्वतःला जसे मानतो तसे प्रत्यक्षात वागतोच असे नाही, हा अनुभव नियमांतूनच खेळाडूस येतो. शिवाय, साधारणतः वर्षाला एक साहस झाल्यावर हिवाळ्याचा टप्पा येतो. त्यात जमिनीचे उत्पन्न, विवाह, अपत्यजन्म, वार्धक्य व मृत्यू यांचा हिशेब होतो. सरदार मरतो आणि खेळाडू त्याच्या मुलाची भूमिका घेतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ कॅम्पेनची व्याप्ती ८० वर्षांहून अधिक आहे. येथे कथेचा खरा नायक व्यक्ती नसून कुळ आहे.

३. रचनेची पद्धती : एक नमुना

वरील उदाहरणांवरून काही क्रमबद्ध प्रश्न हाती येतात. अन्न कोठून येते व ते केव्हा अपुरे पडते? एका दिवसात माणूस किती अंतर जातो? बळाचा वापर करण्याचा अधिकार कोणाचा? जमीन कोणाकडून कोणाकडे जाते? तंटा झाल्यास लोक कोणाचा शब्द मानतात? आणि अखेरीस, या साऱ्यात जादूचा शिरकाव कोठे होतो? जादूचा प्रश्न शेवटी ठेवणे हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

उदाहरणादाखल एका काल्पनिक नदीखोऱ्याचा विचार करू. बारा गावे, एक गढी, एक मठ, एक पाणचक्की व नदीवरील एकमेव पूल एवढाच त्याचा विस्तार. पायी चालणारा माणूस दिवसाकाठी सुमारे २५ किलोमीटर जातो; म्हणजे वरच्या टोकाच्या गावातून गढीपर्यंत दोन दिवस लागतात. पुलाचा जकातदार गढीचा, तर चक्कीची जमीन मठाची. एवढ्यावरूनच एक जुने वैर तयार होते. सलग दोन वर्षे पाऊस कमी पडला आहे आणि बियाण्याचे धान्य खावे की राखावे, हा प्रत्येक घरापुढील प्रश्न आहे.

आता या खोऱ्यात एकच जादू ठेवावी. दर पिढीत एखाद्या व्यक्तीला, मृताचे दफन होईपर्यंत, त्याचा आवाज एकदाच ऐकू येतो. त्याची किंमत अशी की, प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या मनातून स्वतःच्या आप्तांपैकी एकाची आठवण कायमची पुसली जाते. सध्या ही शक्ती एका मध्यमवयीन विणकर स्त्रीकडे आहे. एवढ्या छोट्या गृहीतकाचे परिणाम दूरवर पोहोचतात. ज्या वारसांना लपवायचे असते ते दफनाची घाई करतात. मठ या साक्षीला पाप ठरवतो, गढी मात्र ती ग्राह्य धरते. बारशाला त्या स्त्रीला कोणी बोलावीत नाही. मृत्यूच्या घरी मात्र तिचीच वाट पाहिली जाते. तिची स्वतःची मुलगी दूरच्या गावी राहते, कारण आईने आपल्याला विसरण्याचा दिवस तिला पाहावयाचा नाही.

अशा खोऱ्यात चक्कीवाला मरण पावतो. पहिल्या पत्नीचा मुलगा वारसाहक्क सांगतो. दुसरी पत्नी म्हणते, चक्की आपल्याला देण्याचे वचन मृताने दिले होते. साक्षीदार नाही आणि दफन सूर्यास्तापूर्वी आहे. खेळाडूंच्या पात्रांनी विणकर स्त्रीला बोलवावे काय? बोलावल्यास सत्य कळेल, पण ते एका तिऱ्हाईत बाईच्या आठवणीच्या मोलाने. न बोलावल्यास दोघांपैकी एकावर अन्याय होण्याचा संभव आहे. तडजोड घडवून आणावी, तर मठ व गढी दोघेही दुखावतील. या प्रसंगात तलवारीने सुटणारे काहीच नाही. सत्य मोफत नसल्यामुळे ते हवे आहे काय, असा प्रश्न विचारावा लागतो. आणि हा प्रश्न माणसाचाच असतो. सत्य वदविणारा मंत्र हाताशी असता, तर हा प्रसंग काही क्षणांत संपला असता.

४. मर्यादा व दक्षता

या पद्धतीत काही धोके आहेत. पहिला धोका क्रौर्याला वास्तव समजण्याचा. जादू नाही म्हणून सर्वत्र लूट व अत्याचार असलेच पाहिजेत, असे मानणे हे वास्तवाचेही विपर्यस्त चित्र ठरते. दुष्काळात धान्य वाटून घेणारी माणसे हेही वास्तवच आहे. दुसरा धोका 'इतिहासात असेच होते' या सबबीचा. स्त्रियांना वा दुर्बलांना कथेत स्थान न देण्यासाठी ही सबब पुढे केली जाते. परंतु मध्ययुगीन युरोपातही पतीचा व्यवसाय चालविणाऱ्या विधवा आणि मोठ्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या मठाधिपती स्त्रिया होत्या. तिसरा धोका गेम मास्टरच्या अतिपरिश्रमाचा. संपूर्ण खंडाचा इतिहास लिहिण्यात शक्ती खर्च होते आणि खेळाडूंना भेटणारा जकातदार मात्र नावाविना राहतो. जवळचे आधी व दूरचे नंतर, हा क्रम उपयुक्त ठरतो.

याशिवाय, मृत्यू अटळ व जखमा दीर्घकालीन असतील, तर तसे खेळाडूंना प्रारंभीच सांगणे आवश्यक आहे. कोणते विषय खेळात नकोत, याची चर्चाही पहिल्या बैठकीपूर्वी व्हावी. महिनोन्महिने जपलेले पात्र गमावण्याचे दुःख खरे असते. ते पूर्वसंमतीशिवाय कोणावर लादणे उचित नव्हे.

समारोप

सारांश, अल्पजादूचे विश्व म्हणजे कमी कल्पनाशक्तीचे विश्व नव्हे. सुलभ मंत्र जे प्रश्न क्षणात मिटवितो, ते प्रश्न मिटविण्यासाठी माणसांनी शतकानुशतके शेती, न्यायसभा, वैद्यक, नातेसंबंध व शोकाचे विधी उभे केले. मंत्र दूर सारला की या संस्थांचे मोल व त्यांच्यातील अन्याय दोन्ही दृष्टीस पडतात. इतिहास, समाजशास्त्र व साहित्य यांच्या अध्यापकांना हा खेळप्रकार विचारार्ह वाटावा, तो याच कारणाने. धान्याचा साठा, वारसाहक्क किंवा साक्षीची ग्राह्यता हे विषय येथे व्याख्येच्या रूपात येत नाहीत. ज्याचा निर्णय आजच्या बैठकीत, चार जणांसमक्ष घ्यावयाचा आहे अशा पेचाच्या रूपात येतात. विश्वात जादू किती असावी, हे ठरविण्यापूर्वी रचनाकाराने एवढेच विचारावे : ही जादू आल्यावर कोणाचे कष्ट, कोणाचा शब्द आणि कोणाचे अश्रू अनावश्यक ठरतील? त्या उत्तरातून विश्वाची दिशा निश्चित होते.