पेनवरचं शहर

शहराच्या नावाचं पेन म्हणजे नेमकं काय, इथून आज सुरुवात करू. ते पेन बहुधा त्या शहरात बनलेलं नसतं. त्या शहरातला दगड, लाकूड, धातू असं काहीही सहसा त्यात नसतं. तरीही आपण ते हातात घेऊन 'हे माद्रिद, हे स्टॉकहोम' असं म्हणतो आणि समोरच्याला ते पटतंही. हे कसं होतं?

जर्मनीतल्या पेलिकनची मालिका समोर ठेवू. १८३८ साली हानोवरमध्ये रंग आणि शाई बनवणारी म्हणून ही कंपनी सुरू झाली. मागची गुंडी फिरवली की आतला दट्ट्या शाई ओढून घेतो, असं तिचं पहिलं पेन १९२९ सालचं. या शतकाच्या पहिल्या दशकात तिने 'एम ६२०' या मॉडेलमध्ये शहरांची पेनं काढली: बर्लिन, माद्रिद, स्टॉकहोम, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को. त्याच मॉडेलमध्ये चौकही आले: रोमचा पियाझ्झा नावोना, पॅरिसचा प्लास द ला कॉन्कॉर्द, लंडनचा पिकॅडिली सर्कस, ब्रुसेल्सचा ग्राँ प्लास. यंत्रणा सगळ्यांची तीच. बदलतो तो बॉडीचा रंग आणि त्या रंगातली लहर.

आता समजा, नावं झाकून ही पेनं आपल्यापुढे ठेवली. शिकागो कोणतं आणि माद्रिद कोणतं, हे आपल्याला सांगता येईल? आम्हाला तरी वाटत नाही. नाव कळलं की मात्र त्याच रंगात आपल्याला तळ्याचं पाणी दिसायला लागतं, जुन्या भिंती दिसायला लागतात. म्हणजे शहराशी नातं जोडतं ते नाव. रंग त्या नावाच्या मागून येतो.

आणि नाव काय काय गाळतं, तेही बघा. आज आपण ज्याला प्लास द ला कॉन्कॉर्द म्हणतो, त्या चौकात २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचं डोकं गिलोटिनखाली उडवलं गेलं. तेव्हा त्याचं नाव क्रांतीचा चौक असं होतं. पुढे १७९५ साली 'कॉन्कॉर्द', म्हणजे सलोखा, असं नाव दिलं गेलं. झालं ते मागे टाकावं, म्हणूनच ठेवलेलं ते नाव. पेन ते उचलतं आणि आणखी एकदा विसरतं. यात पेन बनवणाऱ्यांचा दोष नाही, भेटवस्तूवर गिलोटिन कोण काढेल? पण संग्रह करणाऱ्याला हे ठाऊक असावं. नाहीतर आपण चौकाच्या नावाने निव्वळ रंग जमवत बसू.

(मर्यादित आवृत्तीच्या आकड्यांचीही अशीच गंमत असते. माँब्लाँने १९९२ साली फ्लॉरेन्सच्या लोरेन्झो दे मेदिचीच्या नावाने ४८१० पेनं काढली. आकडा फ्लॉरेन्सचा नव्हेच. माँब्लाँ शिखराची उंची मीटरमध्ये तेवढी धरतात. माणूस एका गावचा, आकडा डोंगराचा!)

शहर आणि संग्रह या दोन्हींवर एकत्र विचार करणारा तत्त्वज्ञ म्हणजे वाल्टर बेंजामिन. पॅरिसवरच्या १९३५ सालच्या निबंधात तो म्हणतो त्याचा आशय असा, की संग्राहक वस्तूला उपयोगी पडण्याच्या वेठबिगारीतून सोडवतो. खुर्ची असेल, नाणं असेल, तिथे हे छान बसतं. पण हाच बेंजामिन १९२८ साली लेखकांना सांगत होता की कागद, पेन, शाई यांबाबत चोखंदळ राहा, हाताला येईल त्याने लिहू नका. आता पेनाच्या बाबतीत त्याचं कोणतं म्हणणं धरायचं? आम्ही दुसरं धरतो. निब शाईत बुडलेलीच नाही, तर ते पेन लिहितं कसं हे आपल्याला कधी कळणारच नाही. मग त्या डबीत आपण सांभाळलं काय?

इथे जपानमधल्या कोबेचं उदाहरण मोलाचं आहे. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात त्या भागात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. शहर पुन्हा उभं राहिलं. नागासावा हे तिथलं कागद-पेनांचं जुनं दुकान, १८८२ सालचं. मदतीला धावून आलेल्यांना आभाराची पत्रं लिहायची ती कोबेच्याच रंगांत, अशी कल्पना तिथल्या एकाने काढली आणि २००७ साली शाईची मालिका सुरू झाली. पहिले रंग तीन: रोक्को डोंगराचा हिरवा, धक्क्यावरचा निळा आणि जुन्या परदेशी वसाहतीचा तपकिरी. शाई बनवून दिली ती सेलर या पेनांच्या कंपनीने. मालिकेत पुढे कितीतरी रंग आले, ते जमवणारेही आले. पण ही शाई मुळात पत्र लिहून संपवण्यासाठी होती, आणि त्या पत्राला कारण होतं.

म्हणून कुणी विचारलं की सुरुवात कशाने करू, तर आम्ही म्हणतो, आधी शाई घ्या. तुमच्याकडे असेल त्या साध्या पेनात भरा आणि कुणाला तरी चार ओळी लिहा. शहराचं पेन नंतरही मिळेल. तेही भरून वापरा. भरलं की बाजारात त्याची किंमत उतरते, हे खरं आहे आणि घेण्याआधी ते मनाशी मान्य करावं. काही दिवस वापरणार नसाल तर ठेवण्याआधी साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, धुऊन घ्या. गरम पाणी नको. दट्ट्याजवळ वाळलेली शाई काढणं फार किचकट काम असतं.